माशी चढत नाही : मार डोक्याला लागला की पायाला?

मागच्या अंकात फळमाशीवर होणाऱ्या मेंदूच्या दुखापतीच्या प्रयोगांबद्दल एका पानाचं टिपण दिलं होतं. माशांना बंद नळीत ठरावीक जोराचा धक्का द्यायचा आणि मग त्या चढतात कशा, झोपतात किती, शिकतात काय हे मोजायचं, एवढाच त्याचा सारांश. त्यावर सातारा-सांगलीकडून बरीच पत्रं आली. बहुतेक प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांची, पण त्यात बागायतदार आहेत आणि एका पैलवानाचे वडीलही. सारख्या मुद्द्यांची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न (तासगाव) : बेदाण्याच्या हंगामात आमच्या शेडवर चिलटांचे ढग असतात. तुम्ही फळमाशी म्हणता ती हीच का? मग पेरूत, दोडक्यात अळी पाडते ती कुठली? आणि प्रयोगाला आमची चिलटं चालतील का? पाहिजे तेवढी घेऊन जा.

उत्तर : नावाचा घोळ आहे खरा. पेरू, आंबा, दोडका नासवणारी माशी बॅक्ट्रोसेरा या प्रजातीतली. ती जवळपास घरमाशीएवढी, पिवळसर-तपकिरी असते आणि चांगल्या फळाला नळी टोचून आत अंडी घालते. तुमचे मिथाइल युजेनॉलचे आणि क्यू ल्यूरचे सापळे तिच्या नरांसाठी. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला म्हणजे अडीच-तीन मिलिमीटरचं, लाल डोळ्यांचं चिलट. ते धडधाकट घडाला काही करत नाही. फुटलेल्या, आंबलेल्या मण्यांवर येतं, कारण त्याला खायला यीस्ट हवं असतं. टाकून दिलेल्या घडांना दारूसारखा वास सुटला की ते हजर. तुमच्या त्या सापळ्यांकडे ते ढुंकूनही बघणार नाही. वाटीत व्हिनेगर किंवा पिकलेलं केळं ठेवा, लगेच येईल.

प्रयोगाला मात्र शेडवरची चिलटं नकोत. एका वाटीत तीन-चार जाती निघतात. पाठीवर पांढऱ्या रेघा दिसल्या तर ती ड्रोसोफिलासुद्धा नाही, झाप्रिओनस आहे. एकाच जातीची मिळाली तरी त्यांचं वय माहीत नसतं, आणि मार किती सोसतो हे वयावर आणि वाणावर फार अवलंबून असतं. म्हणून कँटन-एस किंवा ओरेगॉन-आर अशा ओळखीच्या वाणाचा स्टॉक (म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पैदास) घ्यावा. म्हैसूर विद्यापीठात ड्रोसोफिलाचं स्टॉक सेंटर आहे. पुण्या-बंगळुरात माशीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळाही रीतसर पत्र दिलं तर मदत करतात. नर-मादी ओळखायला शिकवायचं असेल तर तुमच्या वाटीतली चिलटं उत्तम.

प्रश्न (कराड, एम.एस्सी.) : मार देण्याचं साधन कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये करता येईल का? मापं काय? एका वेळी किती माशा आणि किती धक्के?

उत्तर : करता येईल. साधन हा या प्रयोगातला सगळ्यात सोपा भाग. माशीचं वागणं बदललं ते डोक्याला लागलेल्या मारामुळेच, हे दाखवताना खरा घाम निघतो.

ही पद्धत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कॅट्झेनबर्गर, गॅनेट्स्की, वासरमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडली. जड लाकडी फळीवर एक मजबूत स्प्रिंग आडवी ठेवायची. तिचं एक टोक क्लॅम्पनी पक्कं बसवायचं, दुसरं मोकळं. माशांची प्लास्टिकची व्हायल (म्हणजे नळीसारखी छोटी बाटली; आपली नेहमीची, २५ मिमी रुंद, ९५ मिमी लांब) तोंडाच्या बाजूने त्या मोकळ्या टोकावर घट्ट बसवायची. व्हायलमध्ये माशा तळाच्या पाव भागातच राहतील एवढा कापसाचा बोळा आत सारायचा. व्हायल उभी होईपर्यंत, म्हणजे ९० अंशांपर्यंत, स्प्रिंग मागे ओढायची आणि सोडायची. व्हायल खाली येऊन पॉलियुरेथेनच्या पॅडवर आपटते. आतल्या माशा भिंतीवर आदळतात आणि डोक्याच्या कवचात मेंदू हेलकावतो. मूळ साधनात आपटतानाचा वेग सेकंदाला सरासरी ३ मीटर होता. एका व्हायलमध्ये ६० माशा, दोन धक्क्यांत ५ मिनिटं, एकूण ४ धक्के, ही त्या गटाची नेहमीची मात्रा.

तुमची स्प्रिंग वेगळी असणार, त्यामुळे ९० अंश म्हणजे तुमच्याकडे किती वेग हे तुम्हीच मोजायचं. मोबाइलचा स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेम घेतो. मागे सेंटिमीटरची पट्टी लावा. वेग ३ मीटर असेल तर व्हायलचं टोक एका फ्रेममध्ये सव्वा सेंटिमीटर सरकेल. आपटण्याआधीच्या शेवटच्या तीन-चार फ्रेम मोजा, दहा वेळा मोजा आणि सरासरीच नव्हे, फरकही लिहा. तो फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर साधनात खोट आहे, माशा आणायची घाई करू नका. खोट बहुधा चारपैकी एका ठिकाणी असते. व्हायल सैल बसून घसरते. हाताने सोडताना नकळत ढकललं जातं (यावर उपाय म्हणून दोऱ्याची गाठ कात्रीने कापून सोडतात). पॅड एकाच जागी दबून कडक होतं. नाही तर कापूस धक्क्यागणिक मागे सरकतो, माशांना जागा वाढते आणि चौथा धक्का पहिल्यासारखा राहत नाही. बोळा कुठे होता तिथे व्हायलवर मार्करने रेघ मारा आणि प्रत्येक धक्क्यानंतर बघा.

माशा ० ते ४ दिवस वयाच्या घ्या, नर आणि मादी वेगळे ठेवा. निवड आदल्या दिवशीच करा. निवडताना भूल द्यायला वापरलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असर वागणुकीवर बराच वेळ राहतो, म्हणून निवड आणि प्रयोग यांत २४ तास सोडतात. धक्का देताना भूल अजिबात नको. आपल्याकडे अजून ईथर वापरतात. ते ज्वालाग्राही तर आहेच, आणि जास्त झालं की माशीचे पंख ताठ उभे राहतात. अशी माशी उठत नाही.

किती माशा लागतील? मार आणि कंट्रोल (म्हणजे मार न दिलेला, तुलनेसाठीचा गट), प्रत्येकी ६ व्हायल, प्रत्येकीत ६०, म्हणजे ७२०. माशा वाढवायच्या भरलेल्या चांगल्या बाटलीतून दोन-तीनशे निघतात, पण एकाच वयाच्या आणि एकाच लिंगाच्या हव्या असतील तर ७-८ बाटल्या एकाच दिवशी लावून ठेवाव्या लागतील. आणि इथे प्रकल्पाच्या वहीत हमखास होणारी चूक : ६ व्हायलमधल्या ३६० माशा म्हणजे नमुना ३६० नाही. धक्का व्हायलला बसतो, माशीला सुटा नाही. नमुना ६.

चोवीस तासांनी मेलेल्या माशांची टक्केवारी काढतात. ६० पैकी २१ मेल्या तर ३५ टक्के. वागणूक बघायची असेल तर एवढा मोठा मार नको. आधी १, २ आणि ४ धक्क्यांची चाचणी करा आणि मृत्यू दहा टक्क्यांच्या आत राहील ती मात्रा घ्या. का, ते पुढच्या उत्तरात आहे.

कंट्रोलच्या व्हायलनाही सगळं सारखंच हवं : तोच बोळा, स्प्रिंगवर तेवढाच वेळ, फक्त धक्का न देता परत काढणं. नुसत्या टेबलावर ठेवलेल्या माशा हा कंट्रोल नव्हे. आणि व्हायलवर ‘मार’ लिहू नका. मैत्रिणीकडून क, ख, ग अशा चिठ्ठ्या लावून घ्या आणि मोजणी संपेपर्यंत यादी तिच्याकडेच राहू द्या.

प्रश्न (पलूस) : मार दिलेल्या माशा पहिल्या दिवशी कंट्रोलपेक्षा कमी चढल्या, हे अपेक्षित होतं. पण सातव्या दिवशी त्या कंट्रोलपेक्षा जास्त चढल्या! मारानंतर मेंदू सुधारला असं लिहावं का? ४ धक्के दिले होते, ६० पैकी २४ माशा मेल्या.

उत्तर : तसं लिहू नका. २४ मेल्या हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत, पण उत्तर तिथेच आहे.

समजा कंट्रोलच्या ६० माशांपैकी ४२ चढल्या : ७० टक्के. मार दिलेल्यांपैकी उरल्या ३६, त्यातल्या २८ चढल्या : जवळपास ७८ टक्के. आता मुळातल्या ६० वर भागा : ४७ टक्क्यांच्याही आत. अशक्त माशा मेल्या, दणकट उरल्या आणि तुम्ही दणकट माशांची तुलना सरसकट माशांशी केलीत. परीक्षेला बसलेल्यांचा निकाल लावताना शाळा सोडून गेलेल्यांना विसरण्यासारखं झालं. म्हणूनच वर म्हटलं की वागणुकीसाठी मृत्यू दहा टक्क्यांच्या आत ठेवणारी मात्रा घ्या, आणि दोन्ही आकडे, म्हणजे उरलेल्यांवर भागलेला आणि मुळातल्यांवर भागलेला, शेजारी शेजारी द्या.

दुसरं कारण गर्दीचं. ६० माशांच्या व्हायलमध्ये माशा एकमेकींना पाडतात, ३६ मध्ये कमी. चढण्याची चाचणी १०-१० च्या गटांतच घ्यावी. दोन व्हायल तोंडाला तोंड लावून टेपने जोडा, तळापासून ८ सेंटिमीटरवर रेघ मारा, मऊ पॅडवर तीन वेळा आपटून सगळ्या तळाला पाडा, १० सेकंदांनी रेघेच्या वर किती ते मोजा. एकेक मिनिट विश्रांती देऊन पाच वेळा करा आणि सरासरी घ्या. हे आपटणं हाही धक्काच आहे, नुकत्याच मार खाल्लेल्या माशीला तो लागतो. म्हणून तोच गट रोज तपासू नका. दिवस १, ३, ७, १४ साठी वेगवेगळे गट ठेवणं चांगलं. पत्रावरून वाटतं की तुम्ही एकच गट रोज आपटलात.

तिसरं, वेळ. माशी दिवे लागताना आणि मालवताना जास्त चपळ असते. कंट्रोल सकाळी नऊला आणि दुसरा गट दुपारी एकला घेतला की फरक घड्याळाचा निघतो. खोलीचं तापमान दोन अंशांनी बदललं तरी चढण्याचा वेग बदलतो, तेव्हा दोन्ही गट आलटून पालटून घ्या.

आता पहिल्या दिवसाबद्दल, जे तुम्हाला ‘अपेक्षित’ वाटलं. स्प्रिंगच्या पद्धतीत अख्खी माशी आपटते, नुसतं डोकं नाही. पाय मोडतो, पंख फाटतो, पोटाला लागतं. चढली नाही तर दोष मेंदूचा की पायाचा? चाचणीआधी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक माशी बघून पाय किंवा पंख गेलेल्या बाजूला काढा आणि किती काढल्या तेही लिहा. मग पेट्री डिशमध्ये आडव्यावर चालवून वेग मोजा. आडव्यावर नीट चालते पण वर चढत नाही, तर गोष्ट तोल किंवा दिशा ओळखण्याची असू शकते. आडव्यावरही लंगडते, तर आधी पाय बघा. उलटी पाडल्यावर सुलटी व्हायला किती सेकंद घेते हीही स्वस्त आणि चांगली चाचणी.

हा पेच सुटावा म्हणूनच पुढे नुसत्या डोक्याला मार देणाऱ्या पद्धती आल्या. पेनसिल्व्हेनियातल्या बोनिनी यांच्या गटाने २०२० साली मांडलेल्या पद्धतीत माशीचं डोकं धातूच्या ठोकळ्याशी पिझोइलेक्ट्रिक (वीज दिली की किंचित लांबणाऱ्या) साधनाने ठरावीक प्रमाणात दाबतात : ३५ टक्के दाबलं तर सौम्य, ४० ला मध्यम, ४५ ला तीव्र. इतर काहींनी सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकाने सरकणारा) दांडा डोक्यावर मारून तेच साधलं. पण त्यात एकेक माशी धरावी लागते. दिवसभरात शेकडो होत नाहीत. स्प्रिंगमध्ये संख्या मिळते, नेमकेपणा जातो. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला स्प्रिंगच बरी, फक्त पायांची ही तपासणी गाळू नका.

आणखी एक. डोळे पांढरे असलेला डब्ल्यू-१११८ हा वाण बरेच जण कंट्रोल म्हणून घेतात. त्याची नजर कमजोर असते, वागणुकीच्या काही चाचण्यांत तो मुळातच मागे पडतो. मार दिलेल्या लाल डोळ्यांच्या माशांची तुलना पांढऱ्या डोळ्यांच्या कंट्रोलशी केली असेल, तर सगळं पुन्हा करावं लागेल.

प्रश्न (सातारा) : मारानंतर झोप बिघडते असं टिपणात होतं. झोप मोजायचं परदेशी यंत्र परवडत नाही. मोबाइल किंवा वेबकॅमवर जमेल का?

उत्तर : जमतं, आणि एका बाबतीत ते यंत्रापेक्षा बरंही पडतं.

तयार यंत्रात ३२ काचेच्या नळ्या असतात, प्रत्येकीच्या मधून एक इन्फ्रारेड किरण जातो आणि माशी तो किती वेळा ओलांडते ते मोजलं जातं. माशी सलग ५ मिनिटं हलली नाही की ती झोपली, ही व्याख्या २००० सालापासून रूढ आहे. आता मार खाल्लेली माशी विचारात घ्या. ती जागी आहे, नळीच्या एका टोकाला खाद्याजवळ रेंगाळते आहे, पण मधला किरण ओलांडायची ताकद नाही. यंत्र म्हणणार, झोपली. लंगडी माशी यंत्राच्या हिशेबात झोपाळू ठरते. यावर उपाय म्हणजे जागेपणाच्या दर मिनिटाला किती हालचाल झाली तो आकडाही काढणं. तो कंट्रोलइतकाच असेल आणि झोपच वाढली असेल तर झोपेबद्दल बोला. तोच घसरला असेल तर आधी पायांबद्दल.

कॅमेऱ्यात माशी कुठेही हलली तरी दिसते. ५ मिमी आतल्या व्यासाच्या, ६५ मिमी लांबीच्या काचेच्या नळ्या घ्या. एका टोकाला ५ टक्के साखर आणि २ टक्के अगारचं (खाद्य जेलीसारखं घट्ट करणाऱ्या पुडीचं) खाद्य भरून मेणाने बंद करा, दुसऱ्या टोकाला कापूस. २० नळ्या पांढऱ्या ॲक्रिलिकवर ओळीने लावा आणि खालून इन्फ्रारेड एलईडीचा उजेड द्या. वेबकॅममधला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढावा लागतो. ते जमत नसेल तर गडद लाल दिवाही चालतो, माशीला तो जेमतेम दिसतो. अख्खा व्हिडिओ घेऊ नका, मोबाइल तापतो आणि मेमरी भरते. दर ५ सेकंदांना एक फोटो पुरे. २४ तासांचे १७,२८० होतात आणि ५ मिनिटं म्हणजे सलग ६० फोटो. दोन फोटोंतला फरक काढायला इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरता येत असेल तर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इथोस्कोप’ या साधनाचे आराखडे खुले आहेत.

माशी पहिला दिवस नव्या नळीत बावरलेली असते, तो हिशेबात धरू नका. दिवे १२ तास चालू, १२ तास बंद, टायमरवर. कुणी रात्री येऊन ट्यूबलाइट लावली की ती रात्र बाद. एखादी नळी मधूनच शांत होऊन शेवटपर्यंत शांतच राहिली तर ती माशी झोपलेली नाही, मेलेली आहे. ही चूक हसण्यासारखी वाटते, पण सरासरीत ती झोप म्हणूनच मिसळते.

आणि हो, नळीतलं ते साखर-अगार. मारानंतर काय खायला मिळतं यावर पहिल्या २४ तासांतला मृत्यू बदलतो, हे विस्कॉन्सिनच्याच गटाने दाखवलंय : नेहमीच्या खाद्याऐवजी नुसतं पाणी दिलं तर कमी माशा मेल्या. मार बसल्यावर आतड्याचा अडसर गळका होतो आणि आतली साखर, जंतू बाहेर पसरतात, असं त्यांना दिसलं. तेव्हा कंट्रोल आणि मार दोघांनाही त्याच घाण्यातलं खाद्य द्या आणि नळीत टाकण्याची वेळ सारखी ठेवा.

प्रश्न (मिरज, फिजिओथेरपीची विद्यार्थिनी) : वॉर्डात डोक्याला मार लागलेले पेशंट रोज बघते. माशीला कवटी नाही, रक्तवाहिन्या नाहीत. तिच्यावरून आम्हाला काय कळणार? आणि तिला आठवतं ते काय?

उत्तर : शंका रास्त आहे. माशीत रक्तवाहिन्यांचं जाळं नाही, रक्त अंगभर मोकळं खेळतं. त्यामुळे मेंदूत रक्ताची गाठ होणं, कवटीतला दाब वाढणं, यातलं काहीही माशी दाखवू शकत नाही. वॉर्डात पहिल्या काही तासांत ज्याची धास्ती असते ते माशीत नाहीच.

ती दाखवते त्याच्या पुढचं. धक्का क्षणात संपतो, पण नंतर तास-दिवस पेशींत जे चालतं ते बरंचसं सारखं आहे : प्रतिकाराची जनुकं पेटतात, मेंदूतल्या आधारपेशी (ग्लिया) सक्रिय होतात, चेतापेशी हळूहळू मरतात, आयुष्य घटतं. तरुण माशीपेक्षा म्हातारीला तोच मार जड जातो, हे तर तुम्हाला वॉर्डातही दिसत असेल. माशीचा खरा फायदा संख्येचा. विस्कॉन्सिनच्या गटाने पावणेदोनशेहून जास्त वाणांना सारखाच मार दिला; काही वाणांत दहातली एखादी मेली, काहींत निम्म्याहून अधिक. मार तोच, फरक जनुकांचा. माणसांत असा प्रयोग करता येत नाही, उंदरांत करायला वर्षं लागतात. शिवाय १९९३ पासून गॅल-४ नावाची युक्ती हाताशी आहे. तिने आणि नंतर आलेल्या तिच्या सुधारित रूपांनी एखादं जनुक फक्त ग्लियात, फक्त मार बसल्यानंतर बंद करून बघता येतं.

मेंदू लहान आहे, पण अगदीच साधा नाही. २०२४ साली मादीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा पूर्ण झाला : १,३९,२५५ चेतापेशी. आठवणीचं म्हणाल तर एका वासासोबत विजेचा झटका द्यायचा, दुसऱ्या वासासोबत नाही, आणि मग दोन फाट्यांच्या नळीत ती कुठे वळते ते बघायचं. ही पद्धत टली आणि क्विन यांनी १९८५ मध्ये पक्की केली. इथेही तोच सापळा. मार खाल्लेली माशी चुकीकडे वळली, ती विसरली म्हणून की तिला वासच येईना म्हणून? आधी वास आणि झटका दोन्ही तिला जाणवतात का हे सुटं तपासल्याशिवाय ‘स्मृती’ हा शब्द वापरू नये. भारतात माशीच्या वासावरचं काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी रुजवलं, ते या विषयात पुढे जाणाऱ्याने जरूर वाचावं.

प्रश्न (सांगली) : एप्रिलमध्ये आमचे निम्मे स्टॉक गेले. अळ्या होत्या, माशा झाल्या, पण त्यांची पुढची पिढीच नाही. शिवाय खाद्यावर बुरशी. इनक्युबेटर आहे पण लाइट जाते.

उत्तर : माशा झाल्या पण पिढी नाही, हे उष्णतेचं लक्षण. सलग ३० अंशांच्या आसपास नर वांझ होतात. दिसायला ठणठणीत, मादीमागे लागतातही, पण अंडी फळत नाहीत. वाढीसाठी २५ अंश बरे, अंड्यापासून माशी १० दिवसांत. जपून ठेवायचे स्टॉक १८ अंशांवर ठेवा, तिथे वेळ जवळजवळ दुप्पट लागतो आणि खाद्यही कमी वेळा बदलावं लागतं. लाइट गेल्यावर बंद इनक्युबेटर हळूहळू तापतो, कारण आतलं गार करणं थांबतं. दार उघडू नका. आत तळाला पाण्याच्या चार-पाच बाटल्या कायम ठेवा, त्या तापमान धरून ठेवतात. स्टॉक थर्मोकोलच्या पेटीत, मध्ये ओल्या फडक्यात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली, असे दोन-तीन तास निघतात. बर्फ थेट व्हायलला टेकवू नका. महत्त्वाच्या स्टॉकची एक प्रत डोंगराकडच्या, म्हणजे पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूच्या ओळखीच्या शाळेत किंवा कॉलेजात ठेवता आली तर उन्हाळा बिनघोर जातो.

खाद्य आपल्याकडचं : १ लिटर पाण्यात रवा १०० ग्रॅम, गूळ १०० ग्रॅम, अगार १० ग्रॅम, प्रोपिओनिक ॲसिड साडेसात मिली. अगार आधी पाण्यात उकळून पूर्ण विरघळवा, मग गूळ, शेवटी रवा थोड्या गार पाण्यात कालवून, सतत ढवळत. बुरशीचं कारण बहुतेक वेळा एकच : ॲसिड उकळत्या खाद्यात ओतलं जातं आणि वाफेबरोबर उडून जातं. भांडं उतरवा, ६० अंशांच्या आसपास येऊ द्या, मग ॲसिड घाला आणि नीट ढवळा. हातमोजे घाला, खिडकी उघडा, वास नाकात चढतो. प्रत्येक व्हायलला ७ मिली, म्हणजे लिटरला सव्वाशेच्या वर व्हायल होतात. ओतल्यावर लगेच बोळा लावू नका. मलमलच्या फडक्याखाली रात्रभर ठेवा, नाही तर भिंतींवर पाणी सुटतं आणि माशा पंखांनी चिकटून मरतात. सकाळी कोरड्या यीस्टची चिमूट टाका.

गुळाबद्दल एक इशारा, सांगलीत द्यायला जड जातोय. रोजच्या स्टॉकला गूळ झकास. पण मारानंतरचा मृत्यू खाद्यावर बदलतो म्हटल्यावर, प्रत्येक ढेपेगणिक वेगळा गूळ प्रयोगाच्या व्हायलमध्ये नको. तिथे साखर वापरा, किंवा अख्ख्या प्रयोगापुरता एकाच ढेपेचा गूळ चिरून, मिसळून बरणीत भरून ठेवा.

खाद्याच्या कडेला बारीक पांढरे, रांगणारे ठिपके दिसले तर ती बुरशी नाही, माइट (कोळ्याच्या कुळातले बारीक जीव) आहेत. ती व्हायल उघडू नका, गोठवून फेका. नवा स्टॉक आला की निदान दोन पिढ्या वेगळ्या कपाटात.

प्रश्न (विटा) : मुलगा तालमीत आहे. सरावात डोकं आपटलं, थोडा वेळ गरगरलं, मग बरा झाला. वस्ताद म्हणतात, दुसऱ्या दिवशी मातीत उतरव. माश्यांवरच्या या प्रयोगांतून काही सांगता येईल?

उत्तर : माशांचं बाजूला ठेवा, डॉक्टरांना दाखवा. गरगरलं म्हणजे मेंदूला धक्का बसला असं धरून चाला. त्या दिवशी तर नाहीच, डॉक्टर हो म्हणेपर्यंत मातीत उतरवू नका, कारण आधीचा बरा व्हायच्या आत बसलेला दुसरा धक्का फार महागात पडू शकतो. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, झोपेतून नीट जाग न येणं, बोलताना अडखळणं, एक बाहुली मोठी दिसणं, फिट, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका, तडक दवाखान्यात न्या.

प्रश्न (वाई, इयत्ता दहावी) : माशांना असं आपटणं क्रूर नाही का? आणि प्रयोग झाल्यावर त्यांचं काय करतात?

उत्तर : माशीला इजा होते, हे नाकारायचं कारण नाही. म्हणून लागतील तेवढ्याच माशा घ्यायच्या आणि आधी छोटी चाचणी करून मात्रा ठरवायची, म्हणजे सातशे माशा वाया जात नाहीत. कीटकांसाठी प्राण्यांच्या प्रयोगांची समिती सहसा परवानगी मागत नाही. जनुकं बदललेल्या माशा असतील तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मात्र लागते. अशा माशा खिडकीतून सोडायच्या नसतात, साध्या वाणाच्याही नाहीत. भूल देऊन ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाकतात, किंवा व्हायल तशीच रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात. तो फ्रीझर खाण्याचे पदार्थ ठेवायचा नसावा.